पाणी कोण काढणार

बाई, तुम्ही माझ्या आराखड्याच्या समासात लाल शाईनं तीन शब्द लिहिलेत आणि त्या तीन शब्दांवरून मी कितीतरी वर्षं तुमच्यावर संशय घेत राहिले. तुम्हाला ते कळलं होतं की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. तुमच्या चेहऱ्यावरून कधी काही कळायचंच नाही. वर्ध्याच्या आमच्या अध्यापिका-वर्गात चाळीसेक मुली होतो. दुसऱ्या वर्षी तुम्ही दोघीदोघींच्या जोड्या पाडल्यात आणि म्हणालात, एखाद्या खेड्यात सात दिवसांत उभं राहील असं एक काम निवडा. साहित्य काय लागेल, ते कुठून येईल, माणसं किती, खर्च किती, कुठल्या दिवशी काय होईल, सगळं आधी कागदावर मांडा. सगळ्यांत चांगला आराखडा असेल तो खरोखर करायचा, आणि तो ज्यांचा असेल त्यांची नावं नेमणुकीसाठी वर जातील. शेवटचं वाक्य तुम्ही फळा पुसता पुसता बोललात. मला त्या दिवशीचं तेवढंच ऐकू आलं. माझे बाबा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे आणि त्या वर्षी त्यांचा खोकला थांबत नव्हता.

संशय तेव्हा सुरू झाला असं मात्र नाही. तो मी घरून घेऊनच आले होते. आमच्या घरानं दीक्षा घेतली त्याला तेव्हा वर्षच होत आलं होतं. वर्गात नाव घालायला निघाले तेव्हा बाबा म्हणाले होते, "कोन काय बोलते ते नको आयकत बसू. कागदावर काय लिहून राह्यले ते पाह्यजो." म्हणून मी पाहत होते. रजिस्टरात धर्माच्या रकान्याशी तुमची लेखणी थांबली. मी "बौद्ध" म्हटलं, तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत आणि लिहिलंत. ते थांबणं मी मनात ठेवून दिलं. मग वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पाळ्या लागल्या तेव्हा पहिले तीन आठवडे माझं नाव चुलीपाशी आलंच नाही. तुम्ही मला कोठीची वही दिलीत, अक्षर चांगलं आहे म्हणालात. चौथ्या आठवड्यात मला भाकरी थापायला बसवलंत, स्वतः माझ्या शेजारी पाट घेऊन बसलात आणि पहिली भाकरी मागून घेतलीत. त्याच दिवशी नागपूरहून तपासणीला पाहुणे आले होते. तुम्ही भाकरी मोडत होता आणि मी विचार करत होते, ही माझ्यासाठी की त्यांच्यासाठी? भाकरी एका बाजूनं करपली होती. तुम्ही सगळी खाल्लीत.

माझी जोडीदार पुलगावकडची होती, शेतकऱ्याघरची, हसरी आणि थोडी आळशी. ती म्हणाली, आपण विहिरीभोवती ओटा बांधू. हिंगणीच्या बाजूला तिच्या मावशीचं गाव होतं, तिथल्या विहिरीपाशी बारा महिने चिखल असायचा. ओटा आणि सांडपाण्याची नाली, एवढंच काम. मी ते डोक्यात घेतलं. दगड जंगलाच्या बाजूच्या खाणीतून, रेती नदीतून, चुना वर्ध्याहून पोत्यांत. बैलबंड्या किती, एक बंडी दिवसाला किती खेपा करील, चुना किती दिवस आधी भिजवायचा, गवंडी एक आणि त्याच्या हाताखाली आम्ही मुली. जोडीदार मावशीला विचारून आकडे आणायची, मी ते रकान्यांत बसवायची. सातव्या दिवशी संध्याकाळी ओटा पुरा. मला तो कागद फार सुंदर वाटला होता. आठवड्यानं तुम्ही वह्या परत दिल्यात. माझ्या साहित्याच्या यादीशेजारी लाल शाईत होतं: पाणी कोण काढणार?

आज कुणीही शहाणा माणूस म्हणेल की प्रश्न साधा होता. चुना कालवायला, दगड भिजवायला, बांधकामावर रोज शिंपायला पाण्याच्या शेकडो बादल्या लागतात, आणि मी दगड मोजले, रेती मोजली, पाणी विसरले. पाणी विहिरीतच आहे, मग ते यादीत कशाला, असं मला वाटलं असावं. पण मी तो प्रश्न तसा वाचला नाही. तो मला माझी जागा दाखवणारा वाटला. घरापासून पन्नास पावलांवरच्या विहिरीवर माझ्या आईला उभं राहावं लागायचं, कुणी वरून ओतील तोवर. तुम्हाला ते ठाऊक असणार, आणि म्हणून तुम्ही नेमकं तेच विचारलंत, असं मी धरून चालले. मी खाली लिहिलं: दोन मुली, पाळीपाळीनं. माझं नाव पहिलं लिहिलं. वही परत आली तेव्हा त्यावर एक सरळ रेघ होती आणि शेजारी तुमच्या अक्षरात: गावातल्या बायका.

मी तुम्हाला विचारायला हवं होतं. दोनदा तुमच्या खोलीच्या दारापर्यंत आलेही. एकदा तुम्ही कुणाशी तरी बोलत होता आणि एकदा तुम्ही एकट्याच होता, पण मीच परत फिरले. जोडीदार म्हणाली, "काऊन एवढं मनाले लावून घेते? त्यायचं गाव, त्यायची विहीर, त्याच काढतीन पानी." तिला ते खरंच साधं वाटत होतं. मी तिच्यावरही संशय घेऊ लागले. आमचाच आराखडा निवडला गेला, त्याचाही मला आनंद झाला नाही. मला वाटलं, हिच्या मावशीचं गाव म्हणून निवडला.

थंडीत आम्ही त्या गावी गेलो. शाळेच्या खोलीत मुक्काम. पहिले चार दिवस कागदावर होतं तसंच काम झालं, आणि ते पाहताना माझ्या अंगावर काटा यायचा, कारण मी लिहिलं म्हणून बंडी येत होती, मी लिहिलं म्हणून दगड त्या ठिकाणी पडत होता. सकाळी चार-पाच बायका येत, हसत-बोलत पाणी काढून पिपं भरत आणि निघून जात. मी पिपापासून पुढे पाणी वाहायची. विहिरीपासून पिपापर्यंत सहा-सात हात अंतर होतं. तेवढं अंतर मला दिवसभर दिसायचं. बाकी वेळ तुम्ही मला वेळापत्रक सांभाळायला बसवलं होतंत, हातात कागद देऊन, आणि मला वाटायचं, विहिरीपासून दूर ठेवायची ही चांगली रीत आहे.

पाचव्या दिवशी बायका आल्या नाहीत. गावच्या मोठ्या शेतात कापसाची शेवटची वेचणी लागली होती, सगळ्या तिकडे. जोडीदार बाकीच्या मुलींना घेऊन नदीवर रेतीला गेली होती. चुना-रेती कालवून तयार, पिपात तळाला वीतभर पाणी. तेही संपलं. गवंडी म्हणाला, "बाई, पानी पाह्यजे. गारा वाळून राह्यला." तुम्ही म्हणालात, "येतील बायका." तो परत म्हणाला, "वाळला तं फेकावा लागन." ऊन वर आलं होतं. तुम्ही, मी, गवंडी आणि समोरच्या घराच्या ओसरीत कापूस निवडत बसलेली एक म्हातारी. मी कागद दगडाखाली ठेवला, बादली उचलली, विहिरीवर गेले आणि दोर सोडला. गडगडी वाजली. पहिली बादली मी पिपात ओतली, दुसरीही. तिसऱ्या वेळी म्हातारीनं विचारलं, "कोनाची वं तू, पोरी?" तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती विचारपूस होती. मी सांगितलं. कुठल्या वस्तीतली, कुणाची, सगळं सरळ सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं, उठली आणि आत गेली. तुम्ही त्या वेळी एकच वाक्य बोललात. "दोर दोन्ही हातांनी धर, सोलवटतील हात."

पिपं भरली तोवर तीन माणसं आली होती. त्यांतला वयस्कर तुमच्यापाशी येऊन हळू बोलला, पण मी ऐकलं. "बाई, आपलं काय ठरलं होतं?" तुम्ही म्हणालात, "ओटा बांधायचं ठरलं होतं." तो म्हणाला, "ते तं झालंच. अन् पान्याचं?" तुम्ही दगडाखालचा कागद उचललात आणि त्याची घडी घातलीत. म्हणजे ठरलं होतं. तुमच्या अक्षरातलं ते "गावातल्या बायका" कुठून आलं ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि ते कळल्याचं एक वाईट समाधान मला झालं, की माझा संशय खरा निघाला. गवंड्यानं थापी धुतली, पिशवीत घातली आणि निघून गेला. बंड्या बंद झाल्या. दोन दिवस आम्ही नुसत्या बसून होतो आणि तुम्ही घरोघर जाऊन येत होता. काय बोलत होता ते आम्हाला सांगितलं नाहीत. शेवटी उरलेलं काम आम्ही मुलींनीच केलं, पाणीही आम्हीच काढलं, सगळ्यांनी. नवव्या दिवशी ओटा झाला. त्याचा एक कोपरा बाहेर आला होता.

वर्ध्याला परतल्यावर तुम्ही आम्हाला गुण दिलेत. साहित्याला चांगले, खर्चाला चांगले, वेळापत्रकाला दहापैकी चार. शेरा: दोन दिवस उशीर. माझी जोडीदार हसली, मी हसले नाही. तुमच्या टेबलावर फाईल उघडी होती आणि मी पाहिलं. आमचंच वेळापत्रक, पण पाचव्या दिवसापुढे पाण्याच्या रकान्यात "गावातल्या बायका" खोडून तुमच्या अक्षरात माझं नाव लिहिलेलं. काम होऊन गेल्यावर लिहिलेलं. बाबा सांगायचे तसं मी कागदावर काय लिहिलंय ते पाहिलं आणि मला वाटलं, हे माझ्यावर ढकललं जात आहे. उद्या कुणी विचारलं तर बोट दाखवायला नाव तयार. नेमणुकीचं पत्र आलं तेव्हाही वाटलं, तोंड बंद राहावं म्हणून. तुमची बदली झाली तेव्हा वाटलं, गाव सांभाळून घेतल्याचं बक्षीस मिळालं. निरोपाच्या दिवशी मुलींनी तुम्हाला फुलं दिली. मी रांगेत उभी राहिले नाही, अंगठ्याला लागलंय असं सांगितलं.

तुम्ही वारल्याचं मला एका शाळेच्या तपासणीत कुणीतरी जाता जाता सांगितलं. मी "हो का" म्हटलं आणि पुढचं रजिस्टर मागितलं. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी बोरगाव मेघ्याला एका लग्नाच्या पंगतीत आपल्या वर्गाचे जुने कारकून शेजारी बसले. त्यांनी मला ओळखलं. जिलबी बाजूला सारून म्हणाले, "तुमच्यावर तक्रार आलती, माहीत हाये ना?" मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, "गावाकडून वर गेलती. शिवाशिवीविरुद्ध कायदा झालता म्हनून तसं उघड लिहिता येत नव्हतं. बेशिस्त पोरगी, ऐकत नाई, काढून टाका, असं लिवलं होतं. उत्तराची नक्कल मीच केलती. बाईनं लिवलं, पानी काढाचं काम त्या दिवशी तिच्या नावावर मीच लावलं होतं, वेळापत्रक सोबत जोडलं हाये, मुलीनं सांगितलं ते केलं. जे विचाराचं ते मले विचारा." मी विचारलं, मग? "मग काय. तुम्ही राह्यल्या, बाईची बदली झाली. लय दूर टाकलं त्याहिले." वाढपी आला आणि त्यांनी भात घेतला.

मी घरी येऊन त्या आठवड्यात काहीच केलं नाही. तुमचे आभार मानावेत असं वाटलं नाही, हे तुम्हाला सांगितलं पाहिजे. आधी राग आला. तुम्ही माझी नोकरी वाचवलीत, पण माझ्या हातची ती बादलीही घेतलीत. मुलीनं सांगितलं ते केलं! मला कुणीही सांगितलं नव्हतं. तुम्ही त्या माणसांशी ठरवून आला होता, माझं नाव तुम्हीच आधी खोडलं होतंत, आणि मग तेच नाव परत लिहून सगळं स्वतःच्या अंगावर घेतलंत. यांतल्या कुठल्या बाई खऱ्या, ते मला ठरवता येत नाही. कधी वाटतं, तुम्ही भित्र्या होता आणि एकदाच धीट झालात. कधी वाटतं, तुम्हाला फक्त तो ओटा उभा करायचा होता आणि त्यासाठी जे लागेल ते तुम्ही केलंत, दोन्ही वेळा. आता मी तेव्हाच्या तुमच्याहून खूप मोठी आहे वयानं. नोकरीत मीही कितीतरी वेळापत्रकं केली, त्यांत माणसांची नावं इकडची तिकडे केली, आणि प्रत्येक वेळी कारण सांगितलं असं नाही.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, म्हणून एक लिहिते. माझ्या नातवंडांना मी त्या दिवसाची गोष्ट सांगते तेव्हा तुम्ही पाठमोऱ्या उभ्या असता, तुम्हाला काही कळायच्या आत मी दोर सोडते. तसं झालं नव्हतं. बादली हातात घेऊन मी थांबले होते. मी तुमच्याकडे पाहिलं, चांगली घटकाभर पाहिलं, आणि तुम्हीही पाहत होता. तुम्ही नको म्हटलं असतंत तर मी बादली खाली ठेवली असती, बाई.