वाकड्या चासीची गाडी

पुंडलिकनगर, औरंगाबाद
२१ मार्च १९९४

प्रिय मोतीराम,

तुझा नाशिकचा पत्ता तुझ्या आईकडून, भागूमावशीकडून मिळाला, पण सहजासहजी मिळाला नाही. तिनं मला आधी दारातच उभं केलं, मग पाणी दिलं आणि मग विचारलं, "कशाला पायजे पत्ता?" पत्र लिहायचंय म्हणालो तर म्हणाली, "सात वर्सं शेजारच्या मशीनवर व्हतास. तवा बोलून झालं नाय व्हय?" तिचा संशय रास्त होता. संशयाच्या बाबतीत मी जाणकार माणूस, त्यामुळे दुसऱ्याचा रास्त संशय मला लगेच ओळखू येतो. मी पाणी पिऊन तिथंच बसून राहिलो. शेवटी तिनंच पेटीतून तुझं पाकीट काढलं आणि मी पत्ता उतरवून घेईपर्यंत ते हातातून सोडलं नाही.

इकडचं ठीक आहे. तुझ्या लेथवर आता जालन्याचा एकजण आलाय. काम बरं करतो, पण पाळी संपल्यावर मशीन पुसत नाही. वाळूजची बस वेळेवर निघते, आणि जानेवारीत दगडांच्या भीतीनं आपण सगळे खिडकीपासून सरकून बसायचो तसं आता कुणी बसत नाही. विद्यापीठाला नवं नाव लागलं. सोळा वर्षांचं भांडण कागदावर तरी मिटलं, पण कँटीनमध्ये डबे अजून वेगवेगळ्या टेबलांवरच उघडतात. मी मधल्या टेबलावर. तिथं दोन्हीकडचे येऊन बसतात आणि मी कुणाचा, याचा अंदाज घेतात. स्टोअरचा सखाराम मात्र एकटाच जेवतो. त्याच्याबद्दल पुढे लिहितो.

आधी गाडीची हकीकत. तू म्हणशील, गाडी मी बनवली, मलाच काय सांगतोस? पण माझ्या बाजूची हकीकत तुला कुणी सांगितलेली नाही. मीही नाही.

मेंढरामागं कपारीवरून पडून बाचा उजवा गुडघा गेला, प्लास्टर निघालं तरी पाय वाकेना, म्हणून मी त्याला इथं आणलं, हे तुला ठाऊक आहेच. तू रविवारी यायचास तेव्हा तो ओट्यावर खाटेवर असायचा. तू गेल्यावर तो काय करायचा, ते मी सांगतो. संध्याकाळी शाळा सुटली की रस्त्यानं जाणारी पोरं मोजायचा. एखादा दिवस कमी भरली की बानाला हाक मारून सांगायचा, "सूनबाई, आज चार कमी हायेत, बघ." बाना आधी हसायची, नंतर हसेना. जेवण निम्म्यावर आलं. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही. मला दिसत होतं की असाच खाटेवर राहिला तर हा माणूस दिवाळी बघत नाही. आमचा धाकटा सोनाजी तिकडं पिशोरच्या डोंगरात एकटा दोनशे मेंढरं सांभाळतोय, आणि बाच्या जिवाला इथं ओटा पुरत नाही. एक दिवस तोच म्हणाला, "मला एक गाडी बघ. डोंगराला चढंल अशी. लई महाग नको, मधीच बसणारी नको. आन जरा मजा यायला पायजे बसल्यावर." साठी ओलांडलेल्या माणसानं मजेची अट घालावी, याचाच मला आधी संशय आला. पण मी कामाला लागलो.

पहिली बघितली एक राजदूत. विकणारा म्हणाला, एका हाताची गाडी, डॉक्टरची. मोतीराम, मी त्या महिन्यात सात जुन्या गाड्या बघितल्या आणि सातही डॉक्टरांच्या निघाल्या. या जिल्ह्यात इतके डॉक्टर असते तर बाचा पाय वाकला असता. आपल्याकडं जनावर घेताना काय करतात ते तुला माहीत आहे. पसंत पडलं तरी लगेच विसार देत नाहीत. मालकाच्या गावात तिसरा माणूस पाठवायचा. त्यानं पाण्याला थांबल्यासारखं करायचं आणि बोलता बोलता विचारायचं, अमक्याचा मेंढा कसा, मारका तर नाही, चोरीचा तर नाही? मालकाला कळलं तरी तो रागवत नाही, कारण तोही तेच करतो. मी राजदूतसाठी सोनाजीला पाठवला. तो सांगत आला की गाडी डॉक्टरची नव्हे, सर्जेराव दूधवाल्याची, आणि सर्जेरावासकट एकदा विहिरीत पडलेली आहे. मग एक एम-एटी मोपेड बघितली. हलकी, गुणी, तिच्यात मला खोट सापडली नाही, म्हणून मी तीनदा बघायला गेलो. पण बाला बसवलं तर त्याचा पाय फाटकाच्या आडव्या दांड्यासारखा बाहेर. पहिल्याच झाडाला अडकला असता. आणि किक मारायची ती उजव्याच पायानं. दोन चाकांचा विषय तिथं संपला.

तेव्हा तू म्हणालास, "माझ्याकडं एक चार चाकाची फटफटी हाय. बघ पटली तर." तुझ्या शेडमधला तो रविवार मला अजून दिसतो. मागचा अर्धा भाग रिक्षाचा, पुढं स्कूटरची दोन चाकं, मध्ये पाइपांची चौकट, वर एक सीट आणि सीटमागं कोकरू बसेल एवढी जाळी. गिअर हातात, ब्रेक तू पायातून काढून हातात आणलेला, इंजिन रिक्षासारखं हातानं खेचून चालू व्हायचं. तू मला मागं जाळीच्या कडेला टेकवून खदानीच्या चढावर नेलंस. खरं सांगतो, मला इतकी मजा आली की मी घाबरलो. आणि मग तू भाव सांगितलास. तो भंगाराचा भाव होता.

इथंच माझं डोकं फिरलं. बाजारात कुणी मेंढा पडत्या भावात देऊ केला की आम्ही त्याचं तोंड उघडतो, खूर बघतो, डोळ्यापुढं हात हलवतो. खोड असल्याशिवाय कुणी स्वस्त देत नाही. मी खिशातून टेप काढला. तू बघत होतास, तरी मी मोजलं. डावीकडचं पाय ठेवायचं पायदान आणि उजवीकडचं, दोन्हीत नऊ इंचांचा फरक. उजवं पार पुढं गेलेलं, वर थोडं उचललेलं, आणि तिकडची पाइपही बाहेर वळलेली. मी फिटर माणूस. मी म्हणालो, "चासी वाकडी आहे, मोतीराम. कुठं ठोकलीस?" तू एकदा माझ्याकडं बघितलंस आणि हसलास. म्हणालास, "व्हय, वाकडीच हाय. बाला एकदा बसवून बघ." मला वाटलं, ही दलालाची जुनी युक्ती. आजारी माणसाला वस्तूची भूल पाडायची म्हणजे घरचे घासाघीस करत नाहीत. मी बघू म्हणालो आणि बाला आणलंच नाही.

घरी येऊन मी विचार करत बसलो, आणि माझा विचार म्हणजे काय ते तू जाणतोस. बेअरिंग नवीन दिसत होती, ती कुठून आली? पाइप आपल्या शॉपमध्ये येते त्याच मापाची. चोरीची गाडी लपवून ठेवायला तर माझ्या अंगणात येत नाही ना? ते दिवसही तसेच होते. रोज कुठून तरी काहीतरी कानावर येत होतं, जो तो समोरच्याचं आडनाव आधी ऐकत होता. मी तुझं आडनाव शाळेपासून ऐकत होतो, तरी त्या आठवड्यात ते मला नव्यानं ऐकू आलं. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

मग गेटवरचं ते झालं. तुझ्याकडं पाइप-बेअरिंग कुठून येतात ते बघा, अशी निनावी चिठ्ठी तक्रारपेटीत सापडली आणि पाळी सुटताना तुला बाजूला घेतलं. सगळ्यांसमोर तुझी हत्यारपेटी उघडायला लावली, डबाही उघडायला लावला. दुसऱ्या दिवशी तू जुन्या बाजारातल्या पावत्या आणून साहेबांपुढं ठेवल्यास, एकूण एक, अगदी नटबोल्टाचीही. चूक झाली असं ते म्हणाले. तू राजीनामा दिलास. शॉपमध्ये सगळ्यांनी ठरवलं की चिठ्ठी सखारामचीच, कारण नामांतराच्या विरुद्ध तो उघड बोलायचा. तूही तेच धरून गेलास. गेटबाहेर तू त्याला जे बोललास ते मी ऐकलं. तो नुसता मान हलवत राहिला.

जाण्याआधी तू टेम्पोतून गाडी माझ्या दारात उतरवलीस, मी कामावर असताना, आणि बानाच्या हातात किल्ली दिलीस. "वहिनी, ही बाची हाय," एवढंच म्हणालास. पैसे घेतले नाहीस. मला त्याचाही संशय आला. मी तिच्यावर पोती टाकली आणि महिनाभर हात लावू दिला नाही.

परवाच्या सोमवारी मी पहिल्या पाळीहून आलो तर पोती खाली पडलेली. बा गाडीवर बसलेला. कुणी बसवला विचारलं तर म्हणाला, मीच बसलो. मी बघतच राहिलो. डावा पाय डाव्या पायदानावर गुडघ्यात वाकून. उजवा पाय सरळ, ताठ, पुढं गेलेल्या त्या पायदानावर टाच नेमकी टेकलेली. नऊ इंच. बाहेर वळलेल्या पाइपमुळं झाडाझुडपाचा मार गुडघ्याला लागणार नाही. मी आत जाऊन टेप आणला आणि बाला खाटेवर बसवून कडेपासून त्याच्या टाचेपर्यंत मापलं, पुन्हा गाडीवर मापलं. सुताइतकाही फरक नव्हता. मग बाना म्हणाली, "भावजी एकदा आले तवा सुतळीनं मामंजींचा पाय मापत व्हते. मला वाटलं, बूट आणायचेत." ती गाडी जगात दुसऱ्या कुणाला विकताच आली नसती. तिच्यावर दुसरा माणूस नीट बसूच शकत नाही. मी खोड म्हणून जे शोधून काढलं, ते माझ्या बापाच्या पायाचं माप होतं.

मी बाला सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता. अठ्ठ्याहत्तर साली गावात जाळपोळ झाली तेव्हा भागूमावशी तुला घेऊन डोंगरात आमच्या मेंढरांच्या वाड्याशी आली होती. मला आठवतं, बानं एकही प्रश्न विचारला नाही. घोंगडी टाकली आणि दूध तापवलं. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि बराच वेळ गाडीच्या मुठीवर हात फिरवत राहिला. म्हणाला, "जनावराचं त्वांड उघडून बघतो, कारण त्याला बोलता येत नाय. मोतीरामाला तर बोलता येतं. त्याला इचारायचं व्हतंस."

काल आम्ही गाडी टेम्पोतून पिशोरला नेली. सोनाजीनं मेंढरं उतरणीला आणली होती. बानं दोरी खेचली, इंजिन लागलं, मेंढरं पांगली आणि तो त्यांच्या मागं चढावर गेला. वर टेकाडावर जाऊन त्यानं आरोळी दिली. चौदा महिन्यांनी त्याची आरोळी ऐकली. बाना रडली, मीही रडलो. हे तुला कळावं, असं मनापासून वाटतं. पण हे पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही.

राजदूतसाठी मी सोनाजीला पाठवला होता. तुझ्या गाडीसाठी पाठवायला मला तिसरा माणूस नव्हता. कारखान्यात कुणाला विचारलं असतं तर तुझ्या कानावर गेलं असतं. म्हणून मी गेटवरच्या तक्रारपेटीला विचारलं. गावाकडची चौकशी पाणी पिऊन संपते, इथली चौकशी वॉचमन घेऊन येते, एवढंही मला कळलं नाही. हे कारण आहे, सबब नाही. गेटवर तुझा डबा उघडला तेव्हा मी रांगेत तुझ्या मागून चौथा होतो आणि मी तोंड उघडलं नाही. आज सकाळी साहेबांच्या हातात माझ्या सहीचा कागद दिला, त्यानंतर सखारामच्या टेबलावर जाऊन बसलो. तो डबा उचलून निघून गेला, ते बरोबरच केलं त्यानं. तुला ती चिठ्ठी कुणी दाखवली नव्हती, तू मागितलीस तरी. तिच्यावरचं अक्षर आता तू बघितलंस, पहिल्या ओळीपासून इथपर्यंत.

तुझाच,
कडूबा