स्नेहलच्या लॅपटॉपचा पंखा

१३ मे, मंगळवार. पिंप्राळा, जळगाव
आमच्या लेकीचा, स्नेहलचा लॅपटॉप तापतो. पंखा घरघरतो आणि मशीन आपोआप बंद पडतं. सोमवारी तिचा पुण्याच्या कंपनीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू. दुकानात देते म्हणाली. मी नको म्हटलं. आत धूळ असणार, दुसरं काय! घरचा कूलर दरवर्षी मीच खोलतो. लॅपटॉप म्हणजे छोटा कूलरच. उद्या सकाळी साफ.

१४ मे
काय ऊन! घामट हातांनी नाजूक काम करू नये. उद्या.

१६ मे
व्हिडिओ बघितला. अर्धाच, पण सोपं आहे. आई म्हणाली, "चालू शे ना? मंग हात नको लावू." जुनी माणसं!

१७ मे, शनिवार. सकाळी
झाकण उघडलं. कट् असा आवाज आला. येतोच. पंख्यावर धुळीची गोधडी! म्हणजे माझंच बरोबर. बायको म्हणाली, फोटो काढून ठेवा, कुठला स्क्रू कुठे ते कळेल. माझ्या लक्षात राहतं.

दुपारी
टूथब्रशने धूळ निघेना. पंखा काढून नळाखाली धरला. चकाचक! काढताना बारीक वायर तुटली. वायर काय, जोडता येते.

संध्याकाळी
जोडली. काही स्क्रू उरले. बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. स्नेहल शेजारीच उभी होती. उरलेले स्क्रू तिने एकेक करून वाटीत टाकले. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

१८ मे, रविवार
दुकानं बंद. एक रिपेअरवाला फोन उचलेना, दुसरा म्हणे बुधवारी आणा. स्नेहलला म्हटलं, इंटरव्ह्यू मोबाइलवरून दे. "पप्पा, कोडिंग टेस्ट आहे त्यात." धुळ्याला निघाली, मामाकडे. त्याच्याकडे लॅपटॉप आहे. स्टँडवर सोडतो म्हटलं, तर रिक्षा आधीच बोलावलेली.

१९ मे
मुद्दाम फोन केला नाही. डिस्टर्ब नको. म्हणजे, दोनदा केला. बंद होता. संध्याकाळी हिला फोन आला, इंटरव्ह्यू बरा गेला. माझ्याबद्दल काही म्हणाली का, विचारलं. ही म्हणाली, भाजी चिरू द्या.

२४ मे
सिलेक्शन झालं! शेजारच्या कौतिकनानांना पेढे दिले. टेक्निकलची आवड घरातूनच, हेही सांगितलं. नाना पेढा खात राहिले.
काम घरूनच करायचंय. कंपनी नवा लॅपटॉप पाठवतेय. स्नेहलने पत्ता मामाचा दिलाय. ही म्हणते, धुळं हायवेवर आहे, कुरिअर लवकर पोचतं.
हायवे जळगावलाही आहे. पण मी बोललो नाही.