‘निरगुडी’ आणि मागे राहणारा तिचा तांडेल

मी, सौ. भामाबाई म्हस्कू कोकरे, वय सहासष्ट, राहणार पळसदेव, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, धंदा घरकाम व होडीची देखभाल, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, कोणाचा दाब नाही, कोणी फूस लावलेली नाही. शरीर मात्र शाबूत नाही. स्वादुपिंडाचा आजार आहे असं बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं. उन्हाळा निघेल का, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी गोळ्यांची चिठ्ठी पुढे केली.

वकील सुप्रियाताईंनी करून दिलेल्या मसुद्यात धंद्याच्या जागी ‘गृहिणी’ लिहिलं होतं, ते मी खोडलं. एवढा मजकूर मृत्युपत्रात लागत नाही असंही त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “ताई, माझ्यामागं माझं म्हणणं सांगणारं एकच माणूस आहे आणि त्याची वाचा गेलीय. मला लिहू द्या.” त्यांनी लिहू दिलं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी.

आम्हाला मूलबाळ नाही. दोनदा राहिलं, दोनदा गेलं. माझ्यामागे माझे पती म्हस्कू गेणू कोकरे आणि त्यांच्या मयत भावाचा मुलगा दिग्विजय व त्याची पत्नी दिपाली, एवढेच.

१) होडीबद्दल आधी लिहिते, कारण बाकीचं तिच्यामुळे आहे.

माझे सासरे मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचे, कोकणात जायचे आणि पावसाआधी वर यायचे. ह्यांनी मेंढरं केली नाहीत. दुष्काळात नौदलात भरती झाले, शिडाची होडी चालवायला तिथेच शिकले, आणि ते वेड मग सुटलं नाही. नोकरी संपवून आले आणि दाभोळच्या खाडीत एका सुताराकडून होडी बांधून घ्यायची म्हणाले. सगळी भावकी हसली. फक्त सासूबाई, फुलाबाई, हसल्या नाहीत. म्हणाल्या, “बाप मेंढरं घिऊन खाली जायाचा, ह्यो होडी घिऊन जाईल. पावसाच्या आत माघारी या म्हंजे झालं.”

होडीला माझ्या माहेरच्या गावाचं नाव दिलं, ‘निरगुडी’. दोन माणसं झोपतील एवढी खोली, एक स्टोव्ह, एक डोलकाठी, दोन शिडं. सुकाणूवर तांडेल हे, दोऱ्यांवर मी. वीस वर्षं आम्ही दिवाळीनंतर खाली उतरायचो आणि मृगाआधी वर यायचो. जयगड, मालवण, कारवार आणि एकदा थेट कोची. लोकांना वाटायचं, हे दोघं मजा मारतात. मजा होतीच. पण तिच्या दुप्पट काम होतं. तळाला शंख चिकटायचे ते खरवडायचे, फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून वर राळ भरायची, फाटलेलं शीड मांडीवर घेऊन शिवायचं. मी लग्न करून आले तेव्हा मला पोहता येत नव्हतं. आजही येत नाही. ह्यांनी कधी शिकवलं नाही. म्हणाले, “पवायला आलं तर तू होडीला घट धरणार न्हाईस.”

ते बरोबर बोलले होते. मी घट्ट धरली.

२) कोकणात मोठं वादळ झालं त्या वर्षी किनाऱ्यावर ओढून ठेवलेली ‘निरगुडी’ कलंडली आणि एक बाजू फुटली. ती दुरुस्त करून ट्रेलरवर टाकून आम्ही घरापुढच्या उजनी धरणाच्या पाण्यात आणली. समुद्रापुढे हे पाणी म्हणजे हौद. पण ह्यांचं वय झालं होतं आणि घराच्या ओट्यावरून होडी दिसायची, त्यावर ते खूश होते. दीड वर्ष बरं गेलं.

मग एका जानेवारीत सकाळी पलीकडच्या काठाकडून परतताना हे सुकाणूवर बसल्या बसल्या एका अंगावर कलले. मला वाटलं वाकून दोरी बघतायत. तोंड वाकडं झालेलं दिसलं तेव्हा समजलं. वारा समोरून होता. इंजिन आम्ही कधी बसवलं नव्हतं, ह्यांना आवाज आवडायचा नाही. मी एका हाताने ह्यांची मान धरली, दुसऱ्या हाताने सुकाणू, आणि शिडाची दोरी दातात. समोरच्या वाऱ्यात सरळ येता येत नाही, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं नागमोडी यावं लागतं. काठावर माणसं दिसत होती. हात करायला माझा हात मोकळा नव्हता. दर वळणाला हे म्हणायचे, “सोड.” दोरी सोडायची ती वेळ बरोबर असायची. अर्धं शरीर गेलेलं, पण वळण चुकू दिलं नाही.

काठावर आले तेव्हा दुपार झाली होती. बारामतीला नेलं. उशीर झाला, असं तिथे सांगितलं.

तेव्हापासून ह्यांच्या तोंडात तेवढा एकच शब्द राहिला आहे. भूक लागली तरी “सोड”, लघवी आली तरी “सोड”, मी रडायला लागले तरी “सोड”. येणारे-जाणारे म्हणतात, म्हातारा बायकोला सांगतोय की मला सोडून जा. मी कोणाला समजावत बसले नाही.

३) आता दिग्विजयबद्दल. तो लोणी देवकरच्या कारखान्यात पाळीवर जातो. वाईट माणूस नाही, हे आधी लिहिते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यावरून तसं वाटेल.

होडीच्या तळात शिशाच्या लगडी रचलेल्या असतात. वाऱ्याने होडी कितीही कलली तरी त्या वजनाने ती परत सरळ होते. हे दवाखान्यात होते आणि मी त्यांच्या उशाशी होते, तेव्हा त्या लगडी नाहीशा झाल्या. घरी आल्यावर मी होडीत उतरले तर तळ मोकळा. दिग्विजयला विचारलं.

तो म्हणाला, “काकू, पान्यात पडलं आसंल.”

“शिसं आपल्या पायांनी चढून पाण्यात पडलं?”

“मला काय म्हाईत? भंगारवाले फिरत्यात हितं.”

माझ्याकडे बघत नव्हता. त्याच आठवड्यात त्याच्या दारात नवी मोटरसायकल उभी राहिली. मी पुन्हा विचारलं नाही. शिशाशिवाय होडी पहिल्याच वाऱ्यात उलटली असती, म्हणून त्यानंतर ती काठापासून हलली नाही. दरवर्षी पाणी मागे सरकतं, ती गाळात बसते, उन्हाने फळ्या उकलतात. मी एकटीने राळ भरत राहिले. गेल्या वर्षापासून तेही होत नाही.

दिग्विजय, हे तुला वाचून दाखवतील तेव्हा खाली बघू नकोस. मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तुलाही ठाऊक होतं. दुसरीही एक गोष्ट लिहून ठेवते. माझा आजार कळला त्या दिवशी तू आपणहून आलास, काकांना खांद्यावर घेऊन न्हाणीत नेलंस, अंग चोळून आंघोळ घातलीस, दाढी केलीस. मग ओट्यावर बसून म्हणालास, “काकू, खोटं कशाला बोलू? दिपालीला हे जमनार न्हाय. मी पाळीवरनं आलो की जेवढं व्हईल तेवढं करीन. पन रोज व्हनार न्हाय.”

इतर कोणी एवढंही म्हणालं नाही. इंदापूरच्या वृद्धाश्रमात गेले तर ते म्हणाले, अंथरुणात घाण करणारा माणूस आम्ही ठेवत नाही. माझ्या माहेरी आता कोणी नाही.

४) म्हणून पळसदेव येथील राहतं घर, त्यामागची जमीन आणि त्यावरची विहीर मी दिग्विजयला देत आहे. घर माझ्या नावावर आहे, ह्यांनीच केलं होतं. अट अशी : त्याने काकांना शेवटपर्यंत याच घरात ठेवावं. ते जमलं नाही तर स्वतःच्या घरी, पण पाणी दिसेल अशा बाजूला. तेही जमलं नाही तर जिथे ठेवील तिथे दिवसातून एकदा त्यांची कूस बदलावी. सुप्रियाताई म्हणतात, अशी उतरती अट कोर्टात टिकत नाही. मला कोर्टात जायचंच नाही. मी असेन कुठे?

५) बँकेतली ठेव ह्यांच्याकरता बाई ठेवण्यासाठी आहे. ती पुरेल तोवर पुरेल.

६) ‘निरगुडी’ हे जिवंत असेपर्यंत हलवू नये. ओट्यावरून ते दिवसभर तिच्याकडेच बघतात. लाकूड सरपणाच्या मोलाचं उरलं आहे आणि विकायचा मोह होईल, हे मी जाणते. विकलीच तर ह्यांना तपासणीला बारामतीला नेलेल्या दिवशी फोडावी. कुऱ्हाडीचा आवाज ह्यांच्या कानावर जाऊ नये.

७) मोठं शीड शेजारी गेणबा यांना द्यावं. ते मासे धरतात, शीड त्यांच्या उपयोगाचं नाही. पण कडब्याच्या गंजीवर टाकायला हवंय असं त्यांनी मोकळेपणाने मागितलं. देते. फक्त ओलं असताना घडी घालू नका, गेणबा. बुरशी धरते.

सुतारकामाची हत्यारं कोणी मागितली नाहीत. ज्याला हवी त्याने न्यावीत.

८) माझं मंगळसूत्र दिपालीने घ्यावं. तिच्यावर राग नाही. म्हाताऱ्याचं करणं काय असतं, ते तीन वर्षं मी बघितलंय, आणि मला तर तो परका नव्हता.

९) शेवटचं. माझं दहन पळसदेवलाच करावं. नरसिंहपूरला संगमावर राख न्यायची धावपळ करू नये. दहावा-तेरावा थोडक्यात उरकावा.

मी गेले हे ह्यांना खरं सांगावं. बाजाराला गेली, माहेरी गेली, असं सांगू नये. ह्यांना सगळं समजतं, फक्त परत बोलता येत नाही. खोटं सांगाल तर ते रस्त्याकडे तोंड करून बसतील आणि मान आखडली तरी वळवणार नाहीत. सांगताना दिग्विजयने जवळ बसून, हात धरून, नाव घेऊन सांगावं : भामा गेली.

सांगणं त्याच्याने होणार नाही, असं मला वाटतं. तसं असेल तर मला जाळून परत आल्यावर कोणीतरी एक जण ओट्यावर ह्यांच्या शेजारी बसावं. बोलायची गरज नाही. अंधार पडेपर्यंत बसावं, मग जेवायला उठलं तरी चालेल.

वरील मजकूर मी वाचला, ह्यांनाही वाचून दाखवला. याआधी मी दुसरं मृत्युपत्र केलेलं नाही. यापुढे करायला वेळ नाही.

लिहून देणार : (सही) भामाबाई म्हस्कू कोकरे

साक्षीदार, ज्यांच्यासमोर वरील सही झाली व ज्यांनी एकमेकांसमोर सह्या केल्या :

१. (सही) डॉ. योगिनी शंभूराज निंबाळकर, बारामती. लिहून देणार बाई पूर्ण शुद्धीवर आहेत, याची मी तपासून खात्री केली आहे.

२. (सही) सिद्धू बाबा देवकाते, पळसदेव

ठिकाण : पळसदेव, ता. इंदापूर
दिनांक : ११ मार्च २०२५, मंगळवार