हातमोज्याबाहेरचे बोट

३ फेब्रुवारी

चार रुग्ण, चार अपयशे! शंभर वेळा यशस्वीपणे रक्त काढल्याशिवाय माझे प्रशिक्षण पूर्ण होत नाही, मुदत मार्चअखेर. आजवर जमा: नऊ.

लेखी परीक्षेत मी पहिली आले होते. परंतु शीर छापील अक्षरांत लिहिलेली नसते. बाहेर उणे एकतीस. माणसे बाही वर करतात तोवर शिरा कुठेतरी खोल दडी मारून बसलेल्या. त्यात माझ्या बोटांवर हातमोजा — काहीच जाणवत नाही.

एक आजोबा म्हणाले, "बाळ, नेम चुकला तर चालेल गं, पण माफी किती वेळा मागशील?"

सात वेळा मागितली होती.

५ फेब्रुवारी

ओरिशियाबाईंनी आज गुपित सांगितले. विनिपेगच्या या प्रयोगशाळेत त्या एकतीस वर्षे रक्त काढत आहेत. मला शिकवण्याचे काम त्यांच्याकडेच. त्यांनी दार लोटले आणि स्वतःच्या डाव्या हातमोज्याच्या तर्जनीचे टोक टर्रकन फाडले!

"पोरी, शीर कातडीला कळते, रबराला नाही."

"पण पुस्तकात —"

"पुस्तकाला कधी शीर सापडलीय का?"

"आणि संसर्ग?"

"एकतीस वर्षं! मला काय धाड भरलीय?"

मला उत्तरे नेहमी घरी पोहोचल्यावर सुचतात.

६ फेब्रुवारी

फाडले. सहापैकी सहा!!

१२ फेब्रुवारी

एकूण त्रेचाळीस. आज एका रुग्ण बाईंनी चकित होऊन विचारले, "झालं पण?" — याहून गोड वाक्य मी या शहरात ऐकलेले नाही. दुपारी ओरिशियाबाईंनी घरच्या पिरोग्या — बटाट्याचे सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या — वाढल्या, वर आंबट साय. "खा गं. वारा सुटला तर रुग्णाच्या आधी तूच उडून जाशील." पाच खाल्ल्या.

२० फेब्रुवारी

श्री. लिंडाल. हॉकीच्या मैदानावर बर्फ गुळगुळीत करण्याचे यंत्र चालवीत असत. कागदावर स्पष्ट नोंद: हिपॅटायटिस सी, रक्तातून पसरणारी कावीळ. स्वतःच बजावले, "जपून हं, माझं रक्त खवचट आहे." मी हसलेसुद्धा.

सुई काढताना कापूस सरकला. रक्त माझ्या उघड्या बोटावर — जिथे काल पुस्तकाच्या पानाने कापले होते, नेमके तिथेच.

साबण. पाणी. पुन्हा साबण.

बाई हळूच म्हणाल्या, "धुतलंस ना? मग संपलं. नोंदवायला गेलीस तर विचारतील, हातमोजा कुठे होता? तुझं प्रशिक्षण बंद. वर माझं नाव."

शंभरपैकी एकसष्ट झाली आहेत.

२१ फेब्रुवारी

नोंदवले.

आरोग्यकक्षातील परिचारिका डेलफीन रागावल्या नाहीत. "धोका अगदी कमी. पण शून्य नाही." आज माझे रक्त घेतले, सहा आठवड्यांनी पुन्हा घेणार. म्हणाल्या, "हातमोज्यानं सुई अडत नाही, पण तिच्यावरचं बरंचसं रक्त तो बाहेरच पुसून घेतो. आणि असल्या चिरेपर्यंत तर रक्त पोचूच देत नाही. हे टोक फाडायला कुणी शिकवलं?"

आयुष्यात प्रथमच, उत्तर येत असूनही हात वर केला नाही.

प्रशिक्षण बंद नाही! मात्र फाटक्या हातमोज्याने काढलेले सगळे रद्द. पुन्हा त्या पहिल्या नऊवरून सुरुवात. मुदत एक महिना पुढे.

२४ फेब्रुवारी

बाई बोलत नाहीत. पिरोग्याही नाहीत.

१४ मार्च

शोध लागला — मी इतके दिवस मध्यम मापाचा हातमोजा घालत होते! माझे माप लहान. तो बोटाला घट्ट बसतो. रुग्णाच्या हाताला गरम टॉवेल गुंडाळायचा, आपले डोळे मिटायचे, बोटाने दाबून सोडायचे. शीर बोटाखाली हलकीशी उसळी घेते. टोक शाबूत असूनही कळते! हे पुस्तकात होते. पान एकशे बारा. मीच घाईने ओलांडले होते.

सत्तावन्न. बाईंनी दारातून पाहिले आणि म्हणाल्या, "नशीब." तीन आठवड्यांतला पहिला शब्द!

३ एप्रिल

डेलफीन यांनी माझे दुसरे रक्त घेतले. तेवढ्यात ओरिशियाबाई आल्या, शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि बाही वर केली.

"माझंही काढा. नाही, तुम्ही नको. ही काढेल. एकतीस वर्षं उघड्या बोटानं काढलीत मी, आणि काहीही झालेलं नाही — एकदा कागदावरच दाखवते तुम्हा दोघींना."

डेलफीन यांनी तपासणीची चिठ्ठी लिहिली.

बाईंची शीर दिसेना. मी डोळे मिटले. पहिल्याच टोचणीत!

"दुखलं का?" मी विचारले.

"माफी मागायची असेल तर उठून जाईन."

शंभरावी! त्यांनीच सही केली.

१० एप्रिल

माझा निकाल स्वच्छ. बाईंचा नाही.

त्यांनीच फोन करून सांगितले. "बारा आठवडे गोळ्या. बरं होतं म्हणे हल्ली." मग विचारले:

"पोरी, कधीपासून असेल गं?"