शिकवणीची खोली आणि न सापडलेली बाटली

माणिकबाई उत्तमराव निमकर्डे, तुझ्या पश्चात घरासंबंधी प्रथमच काही ठरवीत आहे, म्हणून आधी तुला कळवतो.

मी, उत्तमराव भगवंत निमकर्डे, बी. ए., वय सदुसष्ट, व्यवसाय फुलशेती, राहणार हिवरखेड, तालुका तेल्हारा, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. मन स्थिर आहे असे मात्र लिहवत नाही, कारण मला भीती वाटते. येत्या सोमवारी अमरावतीस हृदयाची शस्त्रक्रिया आहे. तिची भीती थोडी; खरी भीती पुढील कलमात लिहिली आहे.

कलम पहिले. गेल्या भादव्यात पुतण्या गोपाल याने कपाशीवरील फवारणीचे औषध मोठ्या डब्यातून कोल्ड्रिंकच्या दोन रिकाम्या बाटल्यांत ओतून शिकवणीच्या खोलीत ठेवले. माझी पत्नी माणिकबाई तेथे मुलींना इंग्रजी शिकवी व खोकल्याचा काढा तशाच बाटलीत ठेवीत असे. संध्याकाळी भारनियमनात वीज गेली, सर्दीने तिचे नाक बंद होते, आणि तिने अंधारात बाटली तोंडाला लावली. अकोटमार्गे अकोल्यास पोहोचेपर्यंत ती गेली. एक बाटली सापडली. दुसरी अद्याप नाही. गोपालला विचारले तेव्हा तो म्हणाला, "मोठा डबा वावरात कोन नेईन काका? मनून ओतलं. दुसरी वर अटाळ्यावर ठेवली का कुठं, मले याद नाही." तेव्हापासून मी घरातील तेलाची बाटलीसुद्धा हुंगल्याशिवाय उघडत नाही.

कलम दुसरे. फुलांचे दोन एकर वावर गोपाल यास द्यावे. तथापि त्याने शिकवणीच्या खोलीचा अटाळा, म्हणजे छताखालचा माळा, फळी-फळी करून स्वतःच्या हाताने उतरवावा आणि बाटली साक्षीदारांसमोर काढावी. तोवर वावराचा फेरफार करू नये. त्याच्यावर माझा राग आहे, वैर नाही.

कलम तिसरे. माझे थोरले बंधू, गोपालचे वडील जानराव, यांस काहीही देऊ नये. तिसऱ्या दिवशी ते चारचौघांत म्हणाले, "इंग्रजी शिकवून शिकवून काय कामाले आलं? आपल्याच घरातली बाटली वाचता आली नाही." त्या बाटलीवर वाचायला काही नव्हते, दादा. लेबल डब्यावर राहिले होते.

दादांना उत्तर म्हणून माणिकबाईची शिकवण येथे नमूद करतो. पहिल्या दिवशी ती मुलींपुढे परडी ठेवी. गुलाब म्हणजे नाम, झेंडू म्हणजे क्रियापद. आणि त्यांना चिकटून ओवायची बारीक शेवंती म्हणजे तो शब्द, जो कसा, किती, केव्हा, कोणता हे सांगून अर्थ आवळतो. शेवंती भलत्या फुलाशेजारी गेली की माळ सोडून पुन्हा ओवायची. 'ओन्ली'ची शेवंती ती मुद्दाम सरकवायला लावी: फक्त संध्याकाळी कपाशीवर फवारा, संध्याकाळी फक्त कपाशीवर फवारा. फुले तीच, पण पहिल्या माळेत वेळेची मनाई, दुसरीत पिकाची. मग औषधांचे डबे पुढे येत. "पॉयझन तं साऱ्याच डब्यायवर असते, पोरीहो. किती पॉयझन, हे शेजारचा शब्द सांगते. तो वाचल्याबिगर झाकन उघडाचं नाही." अर्ध्या गावाचे डबे तिने असे वाचून दिले.

कलम चौथे. शिकवणीची खोली, फळा, सतरंज्या व परड्या करिश्मा सहदेव खंडारे हिला द्याव्यात. ती माझ्या पत्नीची विद्यार्थिनी. अकोल्यात जठारपेठेत मावशीकडे राहून पदवीधर झाली आणि शिकवणी चालवण्यासाठी गावी परतली. फवारणीचे दिवस पुन्हा येतील तेव्हा गावात लेबल वाचणारे कोणी असावे. परंतु मी तिला भीतीसह खोली देत आहे, आणि हे देणे आहे की घात, हे मला ठरवता येत नाही.

येथवर लिहून तिला किल्ल्या दिल्या. ती उंबरठ्यावर उभी राहून वर अटाळ्याकडे पाहत राहिली.

"काका, बाटली सापडल्याबिगर मी लेकरायले आत नेत नाही. शिकवनी आंगनात घेईन."

"आणि बाटली सापडलीच नाही तर?"

"तं अटाळाच ठेवाचा नाही."

साक्षीदार इनायतुल्ला, आमचे शेजारी व शिंपी, म्हणाले, "उत्तमभाऊ, सही करा पहिले. आपरेशन बाटलीसाठी थांबून नाही राहत."

कलम चौथे कायम ठेवतो. आता सही करतो.

साक्षीदार:
१. शेख इनायतुल्ला, हिवरखेड (सही)
२. नत्थुजी बोचरे, हिवरखेड (सही)

लिहून देणार: उत्तमराव भगवंत निमकर्डे (सही)
हिवरखेड, दिनांक १२ फेब्रुवारी २००९

ताजा कलम, उभय साक्षीदारांसमक्ष: करिश्माने खोलीच्या दारावर खडूने लिहिले, 'आत विषारी बाटली आहे. सापडेपर्यंतच बंद.' 'विषारी' हा शब्द तिने 'बाटली' या शब्दाला अगदी चिकटून लिहिला. नंतर तिनेच दाराला कुलूप लावले व दोन्ही किल्ल्या बाटली निघेपर्यंत इनायतुल्ला यांच्याकडे ठेवायला दिल्या.