वारसाचा रकाना

गावभाग, सांगली
गुरुवार, १९ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. अश्लेषा हिला बाबांचे आशीर्वाद.

'सौ.' लिहिताना हात थांबला. तुझ्या लग्नाला सात वर्षं झाली, आणि तुझ्या नावाआधी मी ते आज पहिल्यांदा लिहितोय. तुम्ही तिघंही खुशाल असाल, असं धरून चालतो.

इकडे थंडी पडायला लागलीय. सकाळी घाटापर्यंत चालत जाऊन येतो. जूनमध्ये उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, त्यामुळे आता लिहिता-वाचता येतं. सुलाबाई अजून येते. मला दोन भाकरी पुरतात, ती तीन थापते. मी रागावलो की म्हणते, "ऱ्हाऊ द्या वं. कुनी आलंच तर?" कुणी येत नाही. तिसरी भाकरी संध्याकाळी तीच घरी नेते.

हे पत्र तुला कोर्टाच्या लिफाफ्यातून मिळेल. घाबरू नकोस, तुझ्यावर कसलाही दावा नाही. वाईला आईच्या नावावर ती जागा आहे ना, चिंचेच्या झाडाची, तिच्या वारसनोंदीचं काम आहे.

आई गेल्याचं तुला समजलं असेल. तिकडच्या कुणा अधिकाऱ्यानं, कुठल्या भाषेत कोण जाणे, तुला ते सांगितलं असणार. ११ सप्टेंबर १९९६. दुपारी चहा टाकायला उठली आणि ओट्यापाशीच बसली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. ही बातमी मी द्यायला हवी होती. माझ्याकडे पत्ता नव्हता, असं मी लोकांना सांगत आलो. पत्ता का नव्हता, ते पुढे लिहितो. आधी लिहायचा धीर होत नाही.

पुढल्या फेब्रुवारीत मी कोर्टात अर्ज केला. एकतीस वर्षं दस्त नोंदणीच्या कचेरीत काढली मी, असे अर्ज झोपेतही लिहीन. वारसांचा रकाना आला. तिथे मी लिहिलं, 'अर्जदार पती. अन्य वारस नाहीत.' खाली प्रतिज्ञेवर सही केली. सही नेहमीसारखीच वळणदार आली, हेच मला आता सगळ्यात भयंकर वाटतं.

कोर्टाची जाहीर नोटीस दाराला चिकटली. सुलाबाईनं ती बेलिफाकडूनच वाचून घेतली. मला एका शब्दानं बोलली नाही. तारखेला मात्र नवं लुगडं नेसून कोर्टात हजर. पुकारा झाला तशी सरळ पुढे गेली आणि म्हणाली, "सायेब, बाईस्नी ल्येक हाय की! म्या न्हाऊमाखू घातलंय तिला. न्हाई कसं म्हंत्यात?"

न्यायाधीश तरुण होते. त्यांनी चष्मा काढून मला विचारलं, "तुम्हाला मुलगी आहे?"

मी म्हणालो, "होती."

"वारली का?"

"नाही."

"मग 'होती' काय म्हणता? सरळ सांगा."

त्या भरल्या कोर्टात मला 'आहे' म्हणावं लागलं. खोट्या प्रतिज्ञेबद्दल मला ताकीद मिळाली. माझं वय पाहून ते तेवढ्यावर थांबले. मुलीला शोधून नोटीस बजावा, असा हुकूम झाला. मी तुझं नाव, जन्मतारीख, मिलिंदरावांचं नाव आणि 'हॉलंड' एवढंच लिहून दिलं. शहराचंही नाव मला ठाऊक नव्हतं.

कागद मुंबईला गेले, तिथून दिल्लीला. चौदा महिने काही हाललं नाही. मी दर सोमवारी कोर्टात जाऊन बसायचो. तिथे नीलिमा कांबळे नावाची लिपिक आहे, तुझ्याच वयाची. शेवटी तिलाच माझी दया आली असावी. तिनं साहेबांची परवानगी काढली आणि तोच मजकूर कलेक्टर कचेरीतल्या संगणकावरून तिकडच्या न्याय खात्याला धाडला. नवव्या दिवशी उत्तर आलं.

मी तिथेच होतो. भोकाभोकांचा लांब कागद करकरत बाहेर येत होता. नीलिमा म्हणाली, "तिकडे सगळ्या गावांच्या रहिवाशांची नोंद संगणकावर असते, काका. माणसानं गाव बदललं की नोंदही मागोमाग जाते." वाईहून सांगलीला एक उतारा यायला तीन महिने लागतात, हे मी आयुष्यभर पाहिलेलं. आणि इथे दोन देशांची दफ्तरं नऊ दिवसांत एकमेकांशी बोलली होती. मला हसू आलं. मग कागद वाचला.

तुझं नाव. पती मिलिंद, जन्मगाव कडेगाव. मुलगी सई, जन्म ३ मार्च १९९५.

तुझ्या बारशाला आईला हेच नाव हवं होतं. मी पंचांग पुढे करून तिला गप्प केलं होतं. तिनं तुला ते कधी सांगितलं होतं, मला माहीत नाही.

त्याखाली लिहिलं होतं, 'पत्ता: व्यक्तीच्या स्वतःच्या विनंतीवरून गुप्त.' नीलिमा हळूच म्हणाली, "नोटीस तिकडचं कोर्ट बजावेल, काका. पण पत्ता तुम्हाला नाही देता येणार."

दफ्तरी माणूस मी, अशी नोंद आपोआप होत नाही हे मला कळतं. तू कुठल्याशा खिडकीपुढे उभी राहून ती मागितली असशील. कुणापासून, ते लिहायला वेगळा रकाना नसतो.

आता पत्ता का नव्हता, ते लिहितो. मिलिंदराव घरी आले त्या दिवशी मी त्यांना 'बसा' म्हणालो नाही. ते पायरीवरच उभे राहिले आणि आई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, तो मी तिच्या हातातून घेतला. एवढं तू पाहिलंस. पुढचं तुला माहीत नाही. ब्याण्णवच्या दिवाळीत तुझं पत्र आलं, आईच्या नावानं. त्र्याण्णवला दुसरं. दोन्ही वेळा आई देवळात गेली होती. दोन्ही पाकिटांवर मी 'घेण्यास नकार' लिहून, मागचा पत्ता न वाचताच, ती परत केली. तुला वाटलं असेल, आईनंच नाकारली. तिचा त्यात काही हात नव्हता. आणि ती शेवटपर्यंत म्हणत राहिली, "पोरगी एक कार्डसुद्धा टाकत नाही हो." मी समोर बसून ऐकून घ्यायचो. एकदा तर म्हणालोही, "विसरली असेल."

सुलाबाईला हे परवा सांगितलं. ती पदर तोंडाला लावून बसून राहिली. नंतर म्हणाली, "बाई गेल्या ते बरं झालं म्हनायचं का वो आता?"

अर्ज मी दुरुस्त केलाय. वारस क्रमांक एक, अश्लेषा. क्रमांक दोन, मी. माझा हिस्साही तुझ्या नावे सोडल्याचा लेख जोडलाय. तू नोटिशीवर सही केलीस, नाही केलीस, तरी त्यात बदल होणार नाही. पत्ता मी कुणाकडे मागणार नाही, नीलिमाकडेही नाही.

कोर्टाच्या कागदांत बंद पाकीट चालत नाही. त्यामुळे हे पत्र उघडंच जाईल. इथले लिपिक वाचतील, तिकडचा भाषांतर करणारा वाचेल, आणि मग ते दफ्तरात कायमचं राहील. लोक काय म्हणतील, या एका भीतीपायी मी हे सगळं केलं. आता त्यांना वाचू दे.

सईला माझ्याबद्दल काय सांगायचं, ते तू ठरव. खरं सांगितलंस तरी माझी तक्रार नाही.

तुझ्या आईचा आणि तुझा अपराधी,
बाबा