प्रत्येक ओळीखाली उत्तर

मंगळवार, संध्याकाळ

नाझनीननं ग्रुपवर अजून उत्तर लिहिलेलं नाही. आम्ही काही जण मिळून ईमेलचा एक मोफत प्रोग्रॅम सांभाळतो, माऊसशिवाय नुसत्या टायपिंगवर चालणारा. नव्यांचं स्वागत करणं माझ्याकडे. पडेगावच्या या मुलीला मीच म्हटलं होतं, प्रोग्रॅममध्ये तू केलेली दुरुस्ती सगळ्यांना पाठव. तिनं पाठवली, आणि आमच्या जुन्या कुलकर्णींनी तिच्या ईमेलमधल्या ओळी सुट्या करून प्रत्येक ओळीखाली उत्तर लिहिलं. "हे चूक." "हे कशाला?"

दुपारी तिचा फोन आला. "आंटी, सरांनी तर पार धुलाई केली माझी. मी निघते तुमच्या ग्रुपमधून."

"अगं, ते असंच लिहितात. ज्याच्यात दम वाटत नाही त्याला उत्तरच देत नाहीत. तुझी ओळन् ओळ वाचलीय त्यांनी."

"वाचलीय तर एक तरी शब्द बरा बोलायचा ना."

तिनं फोन ठेवला. खरंच, का नाही बोलत आम्ही? शाळेत सिस्टर निबंध लाल शाईनं भरून टाकायच्या, पण शेवटी माझं नाव घालून एक मायेचं वाक्य लिहायच्या. मी आधी तेच वाचायचे. इथं प्रत्येक ओळीखाली उत्तर, आणि शेवटी काहीच नाही. निदान तिला आधी सांगून ठेवायला हवं होतं. गेली असेल का ती?

आत्ताच तिचा ईमेल आला, सगळ्यांना. तिनंही कुलकर्णींच्या प्रत्येक ओळीखाली उत्तर दिलंय. शेवटचं असं: "इथं माझंच बरोबर आहे, सर. चालवून बघा."

म्हणजे राहिली. आता कुलकर्णी राहतात का, ही नवी काळजी.